गांधींचे थडगे आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक

दृश्य पडद्यावर जेमतेम काही सेकंद टिकते. एका जुन्या, झपाटलेल्या घराच्या तळघरात दफनभूमी निघाली आहे. थडग्यांवर नावे कोरलेली आहेत : जेरोनिमो, क्रेझी हॉर्स, पोकाहॉन्टस, टोंटो. आणि त्यांच्याच ओळीत महात्मा गांधी. केबलवर हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते नाव डोळ्यांसमोरून गेले आणि मला माझाच संशय आला. पुढे डीव्हीडी मिळाल्यावर चित्र थांबवून पाहिले. नाव तेच होते. तेव्हा मला राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. त्या रागात मी एका टिपणवहीत या मालिकेविषयी चार-पाच जळजळीत वाक्ये लिहून ठेवली होती. हा लेख म्हणजे ती वाक्ये मागे घेण्याचा उशिराचा खटाटोप आहे.

ही मालिका म्हणजे ‘द सिम्पसन्स’. बाप होमर, आई मार्ज, मुले बार्ट, लिसा आणि तान्ही मॅगी असे स्प्रिंगफील्ड गावातले पिवळ्या कातडीचे कुटुंब. १७ डिसेंबर १९८९ पासून अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर ती स्वतंत्र मालिका म्हणून सुरू झाली. मी ज्या भागाबद्दल बोलतो आहे तो दुसऱ्या हंगामातला, २५ ऑक्टोबर १९९० रोजी दाखवला गेलेला हॅलोविनचा भाग. आज तो ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ म्हणून ओळखला जातो, कारण त्यात मुले अंगणातल्या झाडावरच्या खोपटात बसून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात. पुढे दरवर्षी असा एक भाग करण्याची प्रथा पडली. खोपट मात्र पहिल्याच वर्षी होते. नंतर नाव तेवढे उरले, हे आपल्याकडच्या अनेक जुन्या पेढ्यांच्या पाटीसारखेच झाले.

भागात तीन गोष्टी आहेत आणि त्यांचे लेखक वेगवेगळे आहेत. पहिली जॉन स्वार्ट्झवेल्डर यांची, दुसरी जे कोगन आणि वॉलेस वोलोदार्स्की यांची, तिसरीवर सॅम सायमन यांच्यासोबत चक्क एडगर ॲलन पो यांचे नाव आहे. गोष्टी सुरू होण्याआधी मार्ज रंगमंचाच्या पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना बजावते की भाग भीतीदायक आहे, मुलांना झोपवून टाका. १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटाच्या सुरुवातीला एडवर्ड व्हॅन स्लोन हा नट अशीच ताकीद देतो, त्याची ही नक्कल. तिथे ताकीद देणारा सूट घातलेला गृहस्थ आहे, इथे काळजीत पडलेली आई. फरक एवढाच, पण भागाचा सूर तिथेच लागतो.

आता पुन्हा थडग्यांकडे. गांधींचे दहन ३१ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत यमुनेकाठी झाले. अस्थी नद्यांमध्ये विसर्जित झाल्या. ज्या माणसाला थडगेच नाही, त्याचे थडगे अमेरिकेतल्या एका घराखाली निघते. यात त्यांचा अपमान आहे असे मला वाटले होते. पण शेजारची नावे एकेक करून तपासली आणि विचार बदलला. पोकाहॉन्टस १६१७ साली इंग्लंडमध्ये वारली आणि तिथेच ग्रेव्हसेंडला पुरली गेली. क्रेझी हॉर्सला १८७७ मध्ये ठार मारण्यात आले, त्याला नेमके कुठे पुरले हे बाहेरच्या जगाला माहीत नाही. टोंटो तर कधी जन्मलाच नाही. तो १९३३ मध्ये सुरू झालेल्या ‘लोन रेंजर’ या नभोवाणी मालिकेतला कल्पित सोबती. जवळच ‘फारसा वेडा नसलेला घोडा’ अशा अर्थाच्या नावाचेही एक थडगे आहे. म्हणजे या दफनभूमीत जी नावे आहेत, त्यांतले जवळजवळ कोणीच तिथे असू शकत नाही. सरासरी अमेरिकन माणसाच्या डोक्यात ‘इंडियन’ या शब्दाखाली जे काही गोळा झाले आहे, त्याचीच ही दफनभूमी. कोलंबसाने १४९२ मध्ये केलेली चूक पाचशे वर्षे दुरुस्त न करता तशीच वापरत राहिले, तर गांधी आणि जेरोनिमो शेजारी पुरले जाणारच. हसे होते आहे ते ही यादी बनवणाऱ्या डोक्याचे.

(याच मालिकेत भारतीय दुकानदार अपू हे पात्र आहे. त्याच्या उच्चारांची थट्टा आणि त्याला आवाज देणारा गोरा नट यांवरून पुढे बराच वाद झाला, २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांनी त्यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये हँक अझारिया यांनी तो आवाज देणे थांबवले. तो वाद मला रास्त वाटतो. म्हणूनच मालिकेने कुठे ओरबाडले आणि कुठे नेमका नेम धरला हे वेगळे करणे अधिक गरजेचे आहे.)

घराखाली मूळनिवासींची दफनभूमी, म्हणून घर झपाटलेले, ही कल्पना त्या दशकात अमेरिकन भयकथेत अगदी घासून गुळगुळीत झाली होती. ‘ॲमिटीव्हिल हॉरर’ (१९७९), क्युब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०), स्टीफन किंगची ‘पेट सेमेटरी’ (१९८३) या सगळ्यांत ती या ना त्या रूपात येते. तिच्या मुळाशी काय आहे हे कळायला फार पांडित्य लागत नाही. जमीन ज्यांची होती त्यांना हुसकावले, मग त्यावर बंगल्या बांधल्या, आणि रात्री बंगलीत आवाज यायला लागले. अपराधाची भावना कोर्टात गेली नाही, कथेत गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला ते या कथांमध्ये जिवंत माणसे म्हणून जवळजवळ दिसतच नाहीत. ते फक्त जमिनीखालून त्रास देतात. योगायोग असा, की हा भाग प्रसारित झाल्यावर बावीस दिवसांनी, १६ नोव्हेंबर १९९० रोजी, मूळनिवासींच्या दफनभूमींना संरक्षण देणारा आणि संग्रहालयांनी व संस्थांनी नेलेल्या अस्थी व वस्तू त्यांच्या वंशजांकडे परत करण्याची तरतूद असलेला कायदा अमेरिकेत संमत झाला. मालिकेचा या कायद्याशी संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. पण एकाच शरद ऋतूत एकीकडे खरी थडगी कायद्याच्या कक्षेत आली आणि दुसरीकडे खोट्या थडग्यांची खिल्ली उडाली, एवढे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

स्वार्ट्झवेल्डर यांनी या साऱ्या प्रकरणाला एका फोनमध्ये गुंडाळले आहे. होमर घर विकणाऱ्या दलालाला फोन लावून ओरडतो की दफनभूमीचे तुम्ही सांगितलेच नव्हते. पलीकडून काही उत्तर येते, होमर हुज्जत घालतो, फोन ठेवतो आणि बायकोला सांगतो की तो म्हणतोय, पाच-सहा वेळा सांगितले होते. सगळा इतिहास इथे आहे. सांगितले गेले होते, पुन्हा पुन्हा सांगितले गेले होते. घर स्वस्तात मिळत होते म्हणून ऐकू आले नाही.

मग घर आपले काम सुरू करते. भिंतींतून रक्त, कुजबुजणारा आवाज, घरातल्यांनी एकमेकांवर शस्त्रे उगारणे. पण मार्जचा संयम सुटतो आणि ती घरालाच खडसावते : आता आपल्याला एकत्र राहायचे आहे, सवय करून घे. घर विचार करायला वेळ मागते. आणि विचार करून, या कुटुंबासोबत राहण्यापेक्षा आपण नष्ट झालेले बरे म्हणून स्वतःला गिळून टाकते. झपाटलेल्या वास्तूने भाडेकरूंना कंटाळून जीव देणे ही मला माहीत असलेल्या भयविनोदांतली सर्वांत स्वच्छ कल्पना आहे. बाहेर उभी राहून लिसा म्हणते की जरा नाकारल्यासारखे वाटते. हे वाक्य तिलाच द्यायला हवे होते, कारण या कुटुंबात स्वतःकडे बाहेरून पाहू शकणारी तीच एक आहे.

दुसरी गोष्ट तिचीच आहे, आणि माझ्या मते या भागाचा खरा गाभा तिथे आहे. कँग आणि कोडोस हे एकडोळे, लाळ गाळणारे परग्रहवासी कुटुंबाला यानात घेऊन जातात आणि पंचपक्वान्ने वाढू लागतात. यजमानांना आपल्या टेबल-टेनिसच्या इलेक्ट्रॉनिक खेळाचा भारी अभिमान. पाहुणे म्हणतात, हा तर फारच जुना खेळ. दुखावलेला यजमान विचारतो, आकाशगंगांमधला प्रवास साधलेल्या जमातीतले इथे कोण आहे, हात वर करा. इतक्या चांगल्या आतिथ्यामागे काहीतरी असणार असा लिसाला संशय येतो. स्वयंपाकघरात तिला पुस्तक सापडते : ‘माणसे कशी शिजवावीत’. ती ते सगळ्यांसमोर धरते. परग्रहवासी मुखपृष्ठावरची थोडी धूळ फुंकतो : ‘माणसांसाठी कसे शिजवावे’. लिसा आणखी फुंकते : ‘चाळीस माणसे कशी शिजवावीत’. तो शेवटची फुंकर मारतो : ‘चाळीस माणसांसाठी कसे शिजवावे’.

हा विनोद मराठीत नेता येत नाही हे भाषांतर करून पाहिल्यावरच कळले. इंग्रजीत ‘फॉर’ हा शब्द सुटा आहे, धुळीखाली लपू शकतो; शिवाय चाळीससाठीचा ‘फॉर्टी’ हा शब्दही त्याच अक्षरांनी सुरू होतो. आपले ‘साठी’ नामाला चिकटते आणि नामाचे रूपच बदलते. मराठी पुस्तकावर कितीही धूळ बसली तरी ‘माणसे’चे ‘माणसांसाठी’ आपोआप होणार नाही. आपल्या व्याकरणात हा संशय घ्यायला जागाच नाही.

विनोदाचे मूळ ‘ट्वायलाइट झोन’च्या मार्च १९६२ मधल्या एका गाजलेल्या भागात आहे, तो डेमन नाइट यांच्या १९५० च्या कथेवर बेतलेला. तिथे परग्रहवासीयांचे पुस्तक मानवजातीची ‘सेवा’ करण्याविषयी आहे असे सगळे समजतात आणि अखेरीस कळते की ते पाककृतींचे पुस्तक आहे. तिथे संशय खरा ठरतो. १९९० मध्ये तो खोटा ठरतो. परग्रहवासी रडू लागतात. त्यांनी खरोखरच मनापासून रांधले होते. कुटुंबाला परत पृथ्वीवर सोडले जाते आणि लिसाच्या लक्षात येते की त्या यानात राक्षस होते खरे, ते आपण होतो.

माझ्यासारख्या, कोणाच्या हाताखाली न शिकता जुनी पुस्तके चाळत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट लागते. मुखपृष्ठाचा अर्धा भाग वाचून निष्कर्ष काढणे हा आमच्या धंद्यातला रोजचा धोका आहे. गांधींच्या थडग्यावरून मी टिपणवहीत लिहिले ते पहिल्या फुंकरीआधीचे वाचन होते. आणि लिसाचा दोष धूळ झटकण्यात नव्हता. ती मधल्या फुंकरीवर थांबली, त्यात होता.

पण इथेच एक पेच आहे, आणि मालिकेच्या चाहत्यांनी त्याच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९९१ च्या हॅलोविन भागात, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ च्या ‘माकडाचा पंजा’ या कथेवर एक गोष्ट आहे. (मूळ कथेत त्या पंज्यावर एका भारतीय फकिराने मंत्र घातलेला असतो आणि इंग्रज सैनिक तो भारतातून आणतो. मालिकेत होमर तो मोरोक्कोत विकत घेतो. पूर्वेकडचे एक गूढ गाव काढून दुसरे बसवले, काम भागले.) पंज्याकडे लिसा जगात शांतता मागते. सगळे देश शस्त्रे टाकतात. आणि कँग-कोडोस गलोल आणि सोटा घेऊन पृथ्वी जिंकतात. म्हणजे १९९० मध्ये लिसाने संशय घेतला म्हणून स्वर्ग हातचा गेला. १९९१ मध्ये तिने विश्वास ठेवला म्हणून पृथ्वी गेली. विचार करणाऱ्या मुलीला दोन्हीकडून मार. १९९६ पर्यंत तर हे दोघे क्लिंटन आणि डोल यांची रूपे घेऊन अमेरिकेची निवडणूक लढवतात आणि माणसांना गुलाम करतात. तो भाग राजकीय विनोद म्हणून अव्वल आहे, मतदानाला थोडे दिवस उरले असताना दाखवला गेला होता. पण त्यात रडणारे आचारी कुठेच नाहीत. पहिल्या वर्षी मालिकेने जे सांगण्याचे धाडस केले होते ते तिने वर्षभरात परत घेतले. दुष्ट परग्रहवासी लिहायला सोपे असतात, दरवर्षी वापरता येतात. दुखावलेला यजमान एकदाच वापरता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पो यांची १८४५ ची ‘द रेव्हन’ ही कविता, जेम्स अर्ल जोन्स यांच्या खर्जातल्या आवाजात. हसू कमी येते, हे मान्य. पण विनोदी मालिकेने आपल्या वेळेचा तिसरा हिस्सा दीडशे वर्षांपूर्वीच्या कवितेला, तिचे शब्द बहुतेक तसेच ठेवून, द्यावा हे आज कोणी करील असे वाटत नाही. होमर शोकमग्न प्रियकर, बार्ट कावळा, आणि स्वर्गवासी प्रेयसीच्या जागी मार्जची तसबीर, जिचे निळे केस एका चौकटीत मावत नाहीत म्हणून वर दुसरी चौकट लावली आहे. कविता संपल्यावर बार्ट म्हणतो की यात भीती कसली. लिसा समजावते की ती १८४५ ची आहे, तेव्हाची माणसे लवकर घाबरत असतील. मुले आरामात झोपी जातात.

खोपटाबाहेर लपून होमर सगळ्या गोष्टी ऐकत होता. तो अंथरुणावर पडला आहे, डोळे टक्क उघडे, आणि मार्जला दिवा मालवू देत नाही.