बालनाट्य आणि प्रेक्षागृहातील मूल : समीक्षेच्या निकषांचा पुनर्विचार

प्रस्तावना :

मराठी बालनाट्याविषयी आजवर झालेले लेखन पाहता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या लेखनात नाटककार आहे, संहिता आहे, नेपथ्य व संगीत आहे, संस्कारमूल्यांची चर्चा तर विपुल आहे. मात्र ज्याच्यासाठी हे सारे घडते ते खुर्चीत बसलेले, पाय जमिनीला न टेकणारे मूल तेथे क्वचितच आढळते. प्रौढ रंगभूमीची समीक्षा प्रेक्षकाला गृहीत धरते, कारण समीक्षक स्वतःच त्या नाटकाचा प्रेक्षक असतो. बालनाट्याच्या बाबतीत तसे नसते. समीक्षक तेथे परका असतो आणि खरा प्रेक्षक लिहीत नाही. प्रस्तुत लेखात या पोकळीचा विचार करावयाचा आहे. लहान मुलास नाट्यगृहात नेणे ही कौटुंबिक सोयीची बाब नसून तो बालनाट्याच्या कलाव्यवहाराचाच भाग आहे. म्हणून बालनाट्याचे मूल्यमापन प्रेक्षागृहातील मुलाला वगळून होऊ शकत नाही, अशी या लेखाची भूमिका आहे.

परंपरेतील बालप्रेक्षक :

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाचा विचार सूक्ष्मपणे झालेला आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे विवेचन करताना प्रेक्षकांचे वय व प्रकृती यांनुसार त्यांची अभिरुची भिन्न असते, हे भरताने मान्य केले आहे. मात्र तेथे बालकांची गणना अज्ञ व स्त्रिया यांच्यासमवेत होते आणि हास्य व वेशभूषा यांतच त्यांना आनंद वाटतो, असे सांगितले जाते. स्त्रीप्रेक्षकाविषयीची ही धारणा आज कोणीही मान्य करणार नाही. बालप्रेक्षकाविषयीची धारणा मात्र आपण जवळजवळ जशीच्या तशी जपली आहे. भडक पोशाख, पडझडीचे विनोद आणि कर्कश पार्श्वसंगीत एवढ्या सामग्रीवर उभे राहणारे बालनाट्य याच गृहीतकावर चालते.

त्याच अध्यायात भरताने सिद्धीचे मानुषी व दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी वाणीने व शरीराने प्रकट होते. स्मित, हास्य, प्रशंसेचे वा हळहळीचे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे ही तिची लक्षणे होत. दैवी सिद्धीत प्रेक्षागृह भरलेले असते, परंतु शब्द नसतो आणि क्षोभही नसतो. म्हणजे प्रेक्षकाचा आवाज आणि प्रेक्षकाची निःशब्दता या दोन्ही गोष्टी यशाच्या खुणा मानल्या आहेत. नाट्यगृहातील मुलाचे वर्तन समजून घेण्यास हे सूत्र आजही उपयोगी पडते. खुर्चीवर उभे राहून ओरडणारे मूल रसभंग करीत नसून मानुषी सिद्धीची खूण देत असते. त्याच मुलाची अचानक पसरणारी शांतता ही दैवी सिद्धी होय. ‘शांत बस’ असे दटावून मिळविलेली शांतता मात्र या दोहोंपैकी कशातच मोडत नाही.

लोकरंगभूमीने हे जाणले होते. कोकणातील दशावतार रात्रभर चालतो. जत्रेत आलेले मूल आईच्या मांडीवर झोपते, संकासुर आला की जागे होते, खाजे खाते, पुन्हा झोपी जाते. त्याने सलग पाहावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. क्रमांकाच्या खुर्च्या, अंधार आणि चौकटीतील प्रकाशित रंगमंच ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकात युरोपीय वळणाने आपल्याकडे स्थिरावली आणि तिच्यासोबत स्थिर बसणारा मूक प्रेक्षक हा आदर्शही आला. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या बालकांसाठी काचेची स्वतंत्र खोली असते. प्रौढ नाटकाच्या प्रयोगात ही सोय आईच्या दृष्टीने मोलाचीच आहे. परंतु मुलाचा आवाज हा काचेपलीकडे ठेवण्याचा व्यत्यय होय, ही दृष्टी बालनाट्याच्या प्रयोगातही कायम राहते, तेव्हा ती तपासणे आवश्यक ठरते.

भीतीचे प्रयोजन :

1959 साली सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरी लिखित ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. शाळेच्या स्नेहसंमेलनापुरत्या मर्यादित राहिलेल्या बालनाट्याला येथे व्यावसायिक सफाईची जोड मिळाली. पुढे मतकरी यांनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढून ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांसारखी नाटके दिली. राक्षस व चेटकीण या पात्रांना या नाटकांत महत्त्वाचे स्थान आहे. मुलांना भीती दाखवू नये, या मध्यमवर्गीय दक्षतेच्या काळातही ही पात्रे टिकून राहिली, याचे कारण शोधणे उद्बोधक ठरते.

‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली. 2018 साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी केली. एका पिढीने बालपणी पाहिलेली चेटकीण तिने आपल्या मुलांना दाखवावयास नेली. अशा वेळी एकाच प्रवेशाची तीन नाटके होतात. पालकासाठी ती चेटकीण म्हणजे स्मृती असते. आठ वर्षांच्या मुलासाठी ती स्त्रीवेशातील नट असते आणि म्हणून विनोदी असते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मात्र ती चेटकीणच असते. ‘सहकुटुंब पाहावे असे नाटक’ या जाहिरातीतील शब्दप्रयोगाचा खरा अर्थ या तिन्ही नाटकांना एकत्र बांधणे असा आहे. पालकाच्या स्मृतीवर तिकीट विकले जाते. परंतु प्रयोगाची कसोटी तिसऱ्या प्रेक्षकापाशी लागते, कारण त्याच्यापाशी स्मृतीचे कवच नसते.

मतकरी यांच्या चेटकिणीचे वैशिष्ट्य असे की ती स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश असते. जो स्वतःस फार शहाणा समजतो तो फसणार, हे मुलास अनुभवाने ठाऊक असते, कारण घरातील मोठी माणसे त्याने रोज पाहिलेली असतात. त्यामुळे भीतीबरोबरच तिच्यावर मात करण्याची वाटही त्याला दिसते. भीती दाखविणे अथवा न दाखविणे हा प्रश्न गौण आहे. भीतीत शिरलेल्या मुलाला परतीची वाट नाटकाच्या रचनेतच दिली आहे काय, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

येथे एक अनुभव नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. एका बालनाट्याच्या प्रयोगात प्रस्तुत लेखकाची चार वर्षांची मुलगी राक्षसाच्या प्रवेशाला घाबरली. लेखकाने सर्वसाधारण पालकाप्रमाणे तिला सांगितले, “अगं, खोटं आहे ते सगळं.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “मग शेवटी ते सुटणार, तेपण खोटंच का रे बाबा?” रंगभूमीचे अध्यापन करणाऱ्या व्यक्तीस या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही. राक्षस खोटा ठरविला की सुटकाही खोटी ठरते. भीतीपासून मुलाला वाचविण्याच्या घाईत आपण त्याच्याकडून आश्वासनही काढून घेतो. ‘मी इथे आहे, आपण दोघं मिळून बघू’ असे म्हणणे अधिक उचित ठरले असते. कारण त्यात नाटकाचे सत्य शाबूत राहते आणि मूलही एकटे पडत नाही. पालक हा मुलाच्या रसास्वादाचा पहिला मध्यस्थ असतो, तो असा.

प्रतिसाद : उत्स्फूर्त आणि मागून घेतलेला :

नायकाच्या पाठीमागून खलपात्र येत असताना मुले ओरडून त्याला सावध करतात. हा प्रतिसाद म्हणजे एक नैतिक कृती होय. जे मुलाला दिसते ते नायकाला दिसत नाही. घरी सर्वांत कमी माहिती असलेला जीव येथे सर्वांत जाणता ठरतो. याउलट अनेक बालनाट्यांत ‘आवाज येत नाही, अजून मोठ्याने’ अशी मागणी करून मुलांकडून घोष वदवून घेतला जातो. बाहेरून दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. तथापि पहिल्या प्रसंगी मूल विचार करून बोलते, तर दुसऱ्या प्रसंगी ते शाळेतील कवायतीप्रमाणे आज्ञा पाळते. बुजऱ्या मुलाला तर या गोंगाटात जागाच उरत नाही. आवाजाच्या पातळीवरून बालनाट्याचे यश मोजणे म्हणूनच फसवे आहे.

मोठ्यांची उलटतपासणी :

बालनाट्याच्या अर्थव्यवहारात एक मूलभूत विसंगती आहे. तिकीट मोठ्याने काढावयाचे आणि नाटक लहानाचे पाहावयाचे. त्यामुळे नाटक कोणाला खूश करते, हा प्रश्न नेहमी शिल्लक राहतो. नाटकांची शीर्षकेही या दृष्टीने बोलकी आहेत. माधव साखरदांडे यांच्या ‘दुर्गा झाली गौरी’ या शीर्षकात बदलावयाचे आहे ते मुलीने. पु. ल. देशपांडे यांचे ‘वयं मोठं खोटम्’ अथवा ‘ग्रिप्स’ चळवळीतील ‘छान छोटे वाईट मोठे’ या शीर्षकांत आरोपीच्या पिंजऱ्यात मोठी माणसे आहेत. अर्थात ‘दुर्गा झाली गौरी’ला ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाळे’त सुलभा देशपांडे यांच्या छत्राखाली मुलांनीच उभे केले. आपल्याच वयाचे कोणी रंगमंचावर समर्थपणे वावरते, हे पाहण्याचा परिणाम शीर्षकातील बोधाहून वेगळा व मोठा असतो, हे विसरता येणार नाही.

बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी विकसित केलेली ‘ग्रिप्स’ रंगभूमी 1986 साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात आली. येथे परी नाही, राक्षस नाही. घर, शाळा, आईवडिलांचे भांडण, मुलांना न विचारता घेतलेले निर्णय हे तिचे विषय. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. आपल्या मनातील तक्रार एक मोठा देह बोलून दाखवितो, हे मूल पाहते. त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतील पालकास स्वतःचे वाक्य रंगमंचावरून ऐकू येते. परतीच्या वाटेवर त्या घरात जो संवाद होतो, तो या प्रयोगाचा अखेरचा प्रवेश मानावयास हरकत नाही. मात्र प्रौढ नट म्हणजे मूल हा संकेत समजण्यास काहीएक वय लागते. पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या टप्प्याला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे. या टप्प्याच्या आरंभीचे मूल आणि शेवटचे मूल यांना एकाच रांगेत बसविताना वयाचा स्पष्ट निर्देश असणे ही निर्मात्याची आणि तो पाळणे ही पालकाची जबाबदारी होय.

निकषांची फेरमांडणी :

उपरोक्त विवेचनावरून बालनाट्यसमीक्षेसाठी चार प्रश्न सुचविता येतात. पहिला, नाटकातील भीतीला परतीची वाट आहे काय? दुसरा, प्रतिसादाला जागा आहे काय आणि मौन बाळगणाऱ्या मुलालाही तेथे स्थान आहे काय? तिसरा, विनोद मुलासोबत होतो की मुलाच्या डोक्यावरून पालकापर्यंत पोहोचविला जातो? चौथा, प्रयोगाची लांबी, मध्यंतर व ध्वनीची पातळी मुलाच्या शरीराचा विचार करून ठरविली आहे काय? संस्कारमूल्याचा प्रश्न यानंतर येतो. कारण ज्या मुलाला प्रयोगात स्थानच मिळाले नाही, त्याच्यापर्यंत संस्कार पोहोचण्याचा संभव नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रेक्षकाला इतके महत्त्व दिल्यास कलाकृती अनुनयाच्या पातळीवर उतरेल. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु अनुनय आणि आदर यांत भेद आहे. अनुनय करणारे नाटक मुलाला काय आवडते हे आधीच ठरवून मोकळे होते. आदर करणारे नाटक मुलाला काय समजते, याविषयी कुतूहल बाळगते.

समारोप :

ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात सहभागी होऊन मुलाला स्वतंत्र व्यक्ती मानणारी शिक्षणदृष्टी महाराष्ट्रात रुजविली. वर्गातील मुलाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यामुळे काही अंशी बदलली; प्रेक्षागृहातील मुलाकडे पाहण्याची दृष्टी अद्याप तितकी बदललेली नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात बालनाट्य येते ते बालसाहित्याचा उपप्रकार म्हणून, छापील संहितेच्या रूपात. संहिता ग्रंथालयात राहते. प्रेक्षागृहातील मूल मात्र तीन-चार वर्षांत मोठे होऊन आपली साक्ष विसरून जाते. विद्यार्थ्यांना बालनाट्याच्या प्रयोगास पाठवून त्यांच्याकडून रंगमंचाबरोबरच प्रेक्षागृहाचीही टिपणे करवून घेतली, कोणत्या क्षणी मुले ओरडली, कोणत्या क्षणी थांबली, कोणते मूल केव्हा आईच्या कुशीत शिरले आणि पुन्हा केव्हा बाहेर डोकावले, याची नोंद झाली, तर ही साक्ष जतन होईल. मराठी बालनाट्याच्या इतिहासाला आज अशा नोंदींची आवश्यकता आहे.