चुंबकीय मेंदू-उद्दीपन आणि स्मरणशक्ती : एका दाव्याची चिकित्सा

कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला उद्दीपित करण्याचे तंत्र अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी शेफील्ड येथे १९८५ मध्ये मांडले. आठ आकड्याच्या आकाराच्या प्रचलित वेटोळ्याचा प्रभाव साधारणतः दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. एच-वेटोळे अधिक खोल जाते. परंतु खोली वाढते तसा नेमकेपणा कमी होतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस तर मेंदूच्या अंतर्भागात आहे. मग चुंबकाने स्मरणशक्ती वाढते, या दाव्याचा आधार कोणता?

या संदर्भात जोएल व्हॉस यांच्या गटाचे २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे ठरते. त्यांनी हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या, पृष्ठभागालगतच्या पार्श्विका खंडातील भागाला सलग पाच दिवस उद्दीपन दिले. १६ निरोगी प्रौढांमध्ये बनावट उद्दीपनाच्या तुलनेत दोन्ही भागांतील कार्यात्मक जोडणी वाढली आणि चेहरा-शब्द जोड्यांचे स्मरणही सुधारले. ही मांडणी निश्चितच कल्पक आहे. तथापि जोडणी वाढणे व बोधनक्षमता सुधारणे या दोन भिन्न गोष्टी होत. २०२० मध्ये जोशुआ हेंड्रिक्स व सहकाऱ्यांना जोडणीत बदल आढळला. स्मरणात सुधारणा मात्र आढळली नाही.

दौंडहून विस्मरणाच्या रुग्णाला घेऊन पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद केवळ तात्त्विक नाही. मेंदूच्या प्रतिमेतील बदल म्हणजे रुग्णाला नातवाचे नाव आठवल्याचा पुरावा नव्हे. सबब, निरोगी व्यक्तींवरील अशा निष्कर्षांना उपचाराचे आश्वासन मानणे अकाली ठरेल.