उसनवारीचे रणगाडे

युद्धपटाविषयी लिहिताना आपण कथा, अभिनय, छायाचित्रण यांची चर्चा करतो. पडद्यावरून धडधडत जाणारी जीप किंवा रणगाडा कोणाचा, हे मात्र सहसा विचारत नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातील जीपा, ट्रक आणि चिलखती गाड्या हौशी मंडळींनी पदरमोड करून जपल्या आहेत. चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणासाठी त्या भाड्याने दिल्या जातात. कित्येकदा मालकच सैनिकाचा पोशाख चढवून चालकाच्या जागी बसतो. जुन्या गिअरचा लहरीपणा त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? या उसनवारीतून कलाकृतीला काय मिळते, हे तपासण्यासारखे आहे.

अस्सल वाहनांवाचून काय होते, याचा नमुना १९६५ सालच्या ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये दिसतो. त्यात स्पॅनिश लष्कराचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे जर्मन टायगर म्हणून वावरतात आणि कडाक्याच्या हिवाळ्यातली लढाई शेवटी कोरड्या माळावर येऊन ठेपते. रणगाड्यांपाठोपाठ युद्धातले हालही नकली होतात.

पण नक्कल म्हणजे अपयश, असेही नाही. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधील टायगर म्हणजे रशियन टी-३४ ला दिलेले सोंग. तरीही स्पीलबर्ग आधी त्यांची घरघर ऐकवतो, पडक्या गावात दबा धरून बसलेल्यांचे चेहरे दाखवतो आणि मगच ते धूड समोर आणतो. गाडी खोटी, भीती खरी!

‘फ्यूरी’ (२०१४) मध्ये याच्या उलट घडते. खासगी संग्राहकांप्रमाणे संग्रहालयेही कधी वाहने देतात. बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयाने १९४३ साली ट्युनिशियात हाती लागलेला अस्सल टायगर या चित्रपटाला दिला. सुमारे ५७ टनांचा तो रणगाडा वळतो, तेव्हा त्याचे वजन प्रेक्षकाला जाणवते. हे श्रेय निर्विवाद. परंतु लांब पल्ल्याची तोफ असलेला हा रणगाडा सुरक्षित आडोसा सोडून उघड्यावर येतो, तो केवळ दिग्दर्शक डेव्हिड आयरला चुरशीची झुंज हवी म्हणून. वस्तू अस्सल आणि वागणूक नाटकी, असा हा विसंवाद आहे.

खासगी वाहनांबाबत आणखी एक अडचण संभवते. मालकाने जिवापाड जपलेली जीप पडद्यावर मिरवणुकीसाठी सजवल्यासारखी दिसते. तिला धुळीने माखून युद्धात उतरवणे हे दिग्दर्शकाचे काम; ते तो करत नसेल, तर भाडे वाया गेले म्हणायचे.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. याच पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे युद्धपट पाहताना आपल्या वाचकाला पोशाख-गाड्यांच्या अचूकपणावर समाधान मानता येणार नाही. मालकाने गाडी विश्वासाने दिलेली असते. ती धडपणे परत करण्याची काळजी निर्माता घेतोच. त्या गाडीत कधीकाळी बसलेल्या माणसांची तेवढीच काळजी चित्रपटाने घेतली काय, हा समीक्षेचा प्रश्न असला पाहिजे.