फिर्यादीचे गद्य आणि जनतेचा विश्वास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातील ‘कोतवाली’ व ‘तोफखाना’ ही पोलीस ठाण्यांची नावे जुन्या राजवटींची आठवण देतात. ठाण्यातील लेखनाची परिभाषाही जुन्या दफ्तरातूनच आली आहे: ‘फिर्याद’, ‘जबाब’, ‘इसम’, ‘सदर’, ‘हजर’. पोलीस व जनता यांच्यातील विश्वासाचा विचार बहुधा शांतता समितीच्या बैठका आणि मेळावे यांच्या अंगाने होतो. परंतु सामान्य माणसाची पोलिसांशी खरी गाठ पडते ती ठाणे अंमलदारापुढे, फिर्याद लिहिली जात असताना. म्हणून फिर्यादीकडे गद्याचा एक प्रकार या दृष्टीने पाहण्याचे प्रस्तुत टिपणात योजिले आहे. रोख कोणा एका ठाण्यावर नसून लेखनपद्धतीवर आहे.

हे गद्य साचेबंद असते. ‘समक्ष हजर राहून फिर्यादी जबाब देते की’ असा त्याचा आरंभ, आणि ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’ असा शेवट. मधला मजकूर प्रथमपुरुषी. पण हा ‘मी’ कोणाचा? समजा, कर्जत किंवा श्रीगोंदा तालुक्यातील एखादी पारधी स्त्री सांगते, ‘दिवस बुडाल्यावर त्याने माझी शेळी नेली.’ कागदावर उतरते ते असे: ‘सायंकाळी ७.३० वा. चे सुमारास सदर इसमाने माझे संमतीवाचून लबाडीचे इराद्याने शेळी चोरून नेली.’ वेळेला तिने न दिलेला नेमकेपणा आला. ‘लबाडीचा इरादा’ हा तर चोरीच्या कायदेशीर व्याख्येतील घटक. तो तिच्या तोंडी घातला गेला.

लिहिणाऱ्याची अडचण खोटी नाही. कलम लावावयाचे तर व्याख्येतील घटक नोंदीत दिसावे लागतात. परंतु पुढे उलटतपासणीत तिचे बोलणे याच कागदाशी ताडून पाहिले जाते. ‘साडेसातच कशावरून?’ या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नसते, आणि दुसऱ्याच्या शब्दांपायी ती स्वतः खोटी ठरते.

पारध्यांच्या बाबतीत हे अंतर दुहेरी आहे. त्यांची घरची बोली मराठी नव्हे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत (खंड ९, भाग ३, १९०७) तिची गणना भिल्ली भाषांत केली आहे. शिवाय १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हे कायदे १९५२ साली देशभर रद्द झाले. त्या काळी नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे. ज्या घराण्यांनी ती हजेरी भोगली, त्यांच्या कानी ‘हजर’ हा शब्द केवळ औपचारिक कसा वाटावा?

सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर सांगणाऱ्यास वाचून दाखवावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. परंतु वाचून दाखविणे म्हणजे समजणे नव्हे. सांगणाऱ्याची वाक्ये जशीच्या तशी ठेवावीत. व्याख्येचे शब्द अंमलदाराने आपल्या नावे स्वतंत्र नोंदवावेत. बोली निराळी असल्यास दुभाष्याकरवी मजकूर ऐकवून तो सांगणाऱ्याकडून परत वदवून घ्यावा. आपले शब्द कागदावर ओळखू आले, तरच अंगठा उठविणाऱ्याला तो कागद, आणि तो लिहिणारा, आपला वाटेल.