उलट टपाल आणि निळ्या खुणा

जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आंतरजालावरील निःसंकोच वृत्तीविषयी लिहिलेला निबंध सन २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विषयावरील लेखन लवकर शिळे होते. हा निबंध मात्र आजही वाचनीय वाटतो. त्यातील निरीक्षणे खोटी ठरलेली नाहीत. ज्या साधनांचे ते निरीक्षण होते, ती साधनेच पालटली आहेत. म्हणून त्याचा पुनर्विचार येथे थोडक्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

समोरासमोर जे बोलावयास मनुष्य धजत नाही, ते तो आंतरजालावर बिनदिक्कत कसे लिहितो, हा सुलर यांचा प्रश्न. त्याची त्यांनी सहा कारणे दिली आहेत: नाव झाकलेले असणे, आपण दृष्टीआड असणे, उत्तरास तत्काळ तोंड द्यावे न लागणे, वाचलेल्या शब्दांस आपल्याच मनातील आवाज देणे, हा सारा व्यवहार कल्पित जगातला वाटणे, आणि अधिकाराचा दरारा उणावणे. मनोविश्लेषक रुग्णाच्या पाठीमागे बसतो, म्हणजे त्याच्या मुद्रेवरील भाव रुग्णास दिसत नाहीत, हा त्यांचा दाखला मार्मिक आहे. या मोकळेपणात कोणी अंतःकरण उघडे करतो, तर कोणी शिवीगाळ करतो. परंतु तेच मनुष्याचे खरे रूप होय, असे सवंग अनुमान त्यांनी काढलेले नाही. निबंधाचे हे मोठेच भूषण समजले पाहिजे.

आम्हांस अडचण भासते ती तिसऱ्या कारणापाशी. ई-मेलसारख्या साधनांत उत्तरास विलंब लागावयाचाच, हे धरून त्यांनी विवेचन केले, व त्या काळी ते यथार्थ होते. आपल्याकडील पत्रव्यवहाराची रीतही तीच होती. ‘उलट टपाली उत्तर पाठवावे’ असे कितीही निकडीने लिहिले, तरी चार दिवस जावयाचेच. त्या अवधीत रागावलेला शांत होई आणि उत्तर देणारास विचार सुचे. शिवाय टपालाची दिरंगाई हा उभय पक्षांस सोयीचा आरोपी होता.

व्हॉट्सॲप सन २००९ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यात निळ्या खुणा आल्या. एक करडी खूण म्हणजे संदेश गेला, दोन म्हणजे पोहोचला, आणि दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे वाचला. वस्तुतः यंत्रास कळते ते एवढेच की, संदेश उघडला गेला. वाचला, समजला आणि तरी उत्तर दिले नाही, हा पुढचा सारा मजकूर पाठविणाराचे मन रचते.

याचा अनुभव आम्हांस स्वतःस आला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने रात्री कविता पाठविली. ती आम्ही लगेच उघडली. कविता साधी नव्हती. दोनचार दिवस मनात घोळवून मग लिहावे, असे ठरविले. सकाळी पाहतो तो कवितेच्या जागी संदेश पुसल्याची सूचना! पुढे भेटीत तो म्हणाला, “सर, निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तेव्हा वाटले, आवडली नसावी.” आम्ही ज्यास आदर समजत होतो, ते त्यास अवहेलना वाटले. त्यानंतर कित्येक दिवस, कोणाचेही लेखन आले की, ‘छान’ म्हणून आम्ही मोकळे होत असू. टीकाकाराच्या हातून याहून मोठा अपराध तो कोणता?

येथेच सुलर यांचे चौथे कारण नव्याने प्रत्ययास येते. वाचक शब्दांस आपल्या मनातील आवाज देतो, असे ते म्हणतात. आता तो मौनासही आवाज देऊ लागला आहे. आणि त्याच्या मनात शंका असेल, तर तो आवाज कठोरच ऐकू येणार. विलंबाने पूर्वी लिहिणाराचा संकोच गेला. त्या विलंबावर पहारा बसताच वाचणाराच्या मानेवर नवा संकोच बसला.

या खुणा निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. प्रवासास गेलेल्या मुलाने निरोप पाहिला, एवढे कळताच आईचा जीव खाली पडतो. ज्यास नको, त्यास त्या बंदही ठेवता येतात. मात्र मग दुसऱ्यांच्या खुणाही त्यास दिसत नाहीत, आणि ‘बंद का केल्या?’ हा प्रश्न उरतोच. तेव्हा यंत्रातील सोयीने हा रोग जावयाचा नाही. एक साधी रीत मात्र आम्ही हल्ली पाळतो: ‘पोहोचली, आठ दिवसांनी सविस्तर लिहितो’ एवढे तत्काळ कळवितो आणि आठवे दिवशी खरेच लिहितो. त्या विद्यार्थ्याकडून ती कविता आम्ही पुन्हा मागविली. तिचे दुसरे कडवे सैल आहे, हे त्यास सांगावयास आम्हांस पूर्ण सहा दिवस लागले. आणि ते त्यास पटले.