अहवालातील माणूस कोण?

पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल हे काही वाङ्मय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या कागदावर गावाचे राहणे-उठणे ठरते, तो कागद आपण कवितेइतकाच बारकाईने वाचला पाहिजे. त्यात कोण बोलतो, कोणासाठी बोलतो आणि कोणाला गप्प बसविले आहे, हे समीक्षेचे जुनेच प्रश्न आहेत.

हे लिहिताना माझ्यासमोर आमचे पेठ आहे. सातगाव पठारावर बटाटा होतो. तो काढायला माझी आई रोजाने जात असे. तिच्या नावावर सातबारा नव्हता. उद्या या पठारावर एखादा प्रकल्प आला, तर तिच्यासारखीची नोंद 'बाधित' म्हणून कोणत्या रकान्यात होईल?

आमच्याच आंबेगाव तालुक्यात, पश्चिमेला, घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. महादेव कोळी आदिवासींच्या जमिनी बुडाल्या आणि पाणी कालव्यांनी पूर्वेच्या बागायतीकडे गेले. हा निर्णय झाला तेव्हा जनसुनावणी कायद्यात नव्हतीच. मूल्यांकनाची सक्ती १९९४ च्या अधिसूचनेने आली, सुनावणीची १९९७ च्या दुरुस्तीने. आजची पद्धत २००६ च्या अधिसूचनेची आहे.

मग आता निर्णय बदलतात काय? अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो आणि पैसेही तोच देतो. सारांश मराठीत मिळतो. पूर्ण अहवाल मराठीत देण्याचे बंधन नाही. सुनावणीला अमुक इतके लोक हवेत अशी अट नाही. साऱ्या गावाने नकार दिला तरी तो इतिवृत्तात जातो, मंजुरी देणाऱ्यावर बंधनकारक होत नाही.

जैतापूरचे उदाहरण घ्या. अणुवीज प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली. जमीन संपादनाची कारवाई त्याआधीच झालेली होती. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह मंजुरी आली. 'प्रकल्प व्हावा काय?' हा गावाचा प्रश्न होता; उत्तर मिळाले ते 'कोणत्या अटींवर व्हावा?' या प्रश्नाचे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गोव्यातील मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली. अर्जात महत्त्वाची माहिती दडविली होती आणि तज्ज्ञ समितीने नीट विचार केला नव्हता, असे न्यायालयाला आढळले. कोणीतरी तो कागद ओळीओळीने वाचला म्हणूनच हे घडले. तरीही जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. अहवालाने अटी वाढतात, निर्णय क्वचितच फिरतो, असे म्हणावे लागते.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आपले झाले. ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा. पण म्हणून तो ठराव कोणी निरर्थक ठरविला नाही. त्याच्याच आधारावर लोक महाडला जमले.

मूल्यांकनाकडेही आपण असेच पाहिले पाहिजे. पूर्ण अहवाल मराठीत मिळावा. भूमिहीन मजुरांची गणना वेगळी व्हावी. सुनावणी जमीन संपादनापूर्वी व्हावी आणि ग्रामसभेच्या नकाराला वजन असावे. या मागण्या मांडायच्या तर आधी अहवाल वाचावा लागेल. आपल्या घरात पहिल्यांदाच शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. सुनावणीच्या आधी निदान तीस दिवसांची सूचना मिळते. तेवढ्या दिवसांत तो अहवाल वस्तीवर, चावडीसमोर, मोठ्याने वाचून दाखविता येतो. माझ्या आईला अक्षरे येत नव्हती. पण आपले नाव यादीत नाही, हे तिला ऐकून नक्की कळले असते.