संथ जलमार्गावरील एक ग्रंथ

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७६ साली एका मित्रासह, दोन लहानशा होड्यांतून, बेल्जम व फ्रान्समधील कालव्यांचा आणि नद्यांचा प्रवास केला. ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ (१८७८) हे त्या प्रवासाचे फळ होय. घरदार पाठीशी घेऊन झाडांच्या सावलीतून सरकणारे मालवाहू पडाव पाहून लेखकास त्यांवरील माणसांचा हेवा वाटतो. ही वर्णने मोहक खरी; परंतु हा हेवा पाहुण्याचा आहे, असे आम्हांस वाटते. पडाव चालविणाराचे कष्ट त्या गोडव्यात विरून जातात. उलट ला फेर गावी खानावळवाली त्याला फेरीवाला समजून पावसात बाहेर घालविते, तेथे लेखणी खरी होते. कारण दार बंद झालेल्या माणसाचे दुःख आता त्याचे स्वतःचे असते.

चिंचवडास, मोरया गोसावींच्या समाधीजवळ, पवनाकाठी हे पुस्तक वाचताना मनात येते : आपले कालवे शेतीसाठी खोदलेले, त्यांवर असा प्रवास घडणे नाही. तथापि पवनेच्या उगमापासून दापोडीच्या संगमापर्यंत कोणी काठाकाठाने चालून, देवळांबरोबर कारखाने व सांडपाणीही पाहून लिहील काय? त्याने स्टीव्हन्सनची संथ गती अवश्य घ्यावी. मात्र पडावांचा हेवा सोडून ला फेरचा पाऊस ध्यानी ठेवावा.